गच्चीवरची सातेरी आणि गांधीलमाश्यांचा हंगाम

ठाण्यात किंवा नवी मुंबईत गच्चीवर सातेरीची, म्हणजे आपल्या देशी मधमाशीची, पेटी ठेवणाऱ्याने गणपती ते दिवाळी डोळ्यांत तेल घालून राहायचं. पावसाळ्यात फुलोरा नसल्यामुळे वसाहत रोडावलेली असते आणि नेमकी त्याच वेळी गांधीलमाश्यांची घरटी भरात येतात. येऊरचा पायथा, घोडबंदर पट्टा, पारसिक आणि खारघरच्या डोंगरालगतच्या सोसायट्या इथे झाडी जवळ असल्याने घरटीही जवळच असतात.

दिसेल त्या गांधीलमाशीवर चप्पल उगारू नका. पंख्याच्या वाटीखाली किंवा खिडकीच्या छज्जाला छोटं उघडं कागदी घरटं करणाऱ्या बारीक, लांब पायांच्या माश्या पेटीला फारसा त्रास देत नाहीत. भिंतीवर मातीचं मडकं करणारी कुंभारीण तर निरुपद्रवीच, ती अळ्या पकडते. खरी डोकेदुखी मोठ्या गांधीलमाशीची. ती इंचभर लांब, काळी असते आणि पोटावर ठसठशीत नारिंगी-पिवळा पट्टा असतो. आपल्याकडे तिच्या दोन जाती दिसतात. एक झाडावर किंवा इमारतीला फुटबॉलएवढं बंद कागदी घरटं टांगते, दुसरी ढोलीत किंवा जमिनीतल्या पोकळीत घर करते.

तिची शिकारीची पद्धत समजली की उपाय आपोआप सुचतात. ती पेटीच्या दारासमोर हवेत तरंगत राहते, भरल्या पोटी, जड होऊन परतणारी कामकरी माशी अधांतरी उचलते आणि जवळच्या फांदीवर नेते. तिथे डोकं, पंख, पाय, पोट छाटून फक्त छातीचा भाग गोळा करून नेते, कारण घरट्यातल्या अळ्यांना मांस लागतं. पेटीखाली पंख आणि डोकी पडलेली दिसली की समजायचं. नुसत्या मेलेल्या माश्यांचं नुकसान त्यामानाने कमी. खरं नुकसान भीतीचं आहे: माश्या दारात गोळा होतात, बाहेर जात नाहीत, पराग येणं थांबतं, राणी अंडी कमी घालते आणि एक दिवस सातेरी पेटी सोडून निघून जाते.

सातेरी मात्र मेलिफेरासारखी, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय मधमाशीसारखी, असहाय नाही. आधी दारातल्या माश्या अंग थरथरवून लाट काढतात. गांधीलमाशी तरीही खाली उतरली, तर शेकडो माश्या तिच्यावर तुटून पडतात आणि तिला चेंडूसारखं वेढून आतलं तापमान ४५ अंशांच्या वर नेतात. ती मरते. वेढणाऱ्या माश्यांना त्याहून दोन-तीन अंश जास्त सोसतं, त्यामुळे त्या वाचतात. हे जमायला वसाहतीत भरपूर माश्या आणि दारापुढे थोडी सपाट जागा लागते. आपलं काम एवढंच की शत्रूला आत शिरू द्यायचं नाही आणि वसाहतीला अशक्त होऊ द्यायचं नाही. सापळ्यांचा नंबर त्यानंतर.

म्हणून आधी दार. लाकडी पट्टीला ६ मिमी उंच आणि ५ सेमी रुंद खाच पाडून ती प्रवेशद्वारात घट्ट बसवा. वसाहत भरलेली असेल तर रुंदी ७ सेमीपर्यंत चालेल, उंची मात्र वाढवू नका. तपासायला ड्रिलचे बिट वापरा: ६ मिमीचा बिट खाचेतून सरकला पाहिजे, ८ चा अडकला पाहिजे. याहून अरुंद केलं तर नर अडकतात आणि दारात कोंडी होते. दार पूर्ण बंद करण्याचा मोह होतो, पण ऑक्टोबरच्या उन्हात काही तासांत पेटीतलं मेण वितळू लागतं आणि माश्या गुदमरतात.

दाराइतक्याच महत्त्वाच्या फटी, आणि त्यांच्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. सातेरी फटी बुजवायला चीक गोळा करत नाही. चार महिन्यांच्या पावसात लाकूड फुगून नंतर सुकतं, तेव्हा तळपाट (पेटीचा तळ) आणि शिशुकक्ष (अंडी-अळ्यांचा कप्पा) यांच्या सांध्यात पेन्सिल जाईल एवढी जागा होते. बाहेरून शेणमाती किंवा जाड चिकटपट्टी लावा. त्याच फटींतून मेणकिड्याचा पतंगही घुसतो, म्हणजे एका कामात दोन उपाय.

हल्ला रोजचा झाला तर दारापुढे जाळीचा पिंजरा लावा. हार्डवेअरच्या दुकानात पाव इंची वेल्डमेश मागा. तारेची जाडी वजा जाता भोक साधारण पावणेसहा मिमी उरतं. त्यातून सातेरी चालत जाते, मोठी गांधीलमाशी अडकते. दाराइतका रुंद आणि सुमारे १५ सेमी खोल पिंजरा वाकवून खिळ्यांनी ठोका. फायदा असा की शिकारी दारापासून वीतभर लांब तरंगतो आणि माश्या आतल्या जागेत निर्धास्त जमतात. पहिल्या दिवशी त्या गोंधळतात, म्हणून पिंजरा संध्याकाळी बसवा.

सापळ्यासाठी एक लिटरची बाटली वरच्या तिसऱ्या भागात कापा, तोंडाचा भाग उलटा करून आत बसवा आणि झाकणाला १० मिमी भोक पाडा. द्रावणाच्या पातळीच्या थोडं वर, बाजूला गरम खिळ्याने ५ मिमीची चार-पाच भोकं ठेवा, म्हणजे चुकून आलेल्या छोट्या माश्या सुटतात. आत पेलाभर आंबलेली ताडी, दोन चमचे गूळ आणि एक चमचा व्हिनेगर घाला. आंबट-दारूच्या वासाला मधमाश्या सहसा जात नाहीत, ताज्या साखरपाण्याला मात्र झुंबड उडते, म्हणून ते वापरू नका. घरट्यात अळ्या भरपूर असतात तेव्हा बोंबलाचं किंवा कोळंबीचं डोकं अधिक काम करतं. ते साबणपाण्यावर टांगा आणि दोन दिवसांनी बदला, नाहीतर शेजारी तक्रार घेऊन येतात. सापळा पेटीपासून ८-१० मीटर लांब ठेवा. अगदी शेजारी ठेवला तर तुम्ही पाहुण्यांना स्वतःच बोलावता. सर्वात कामाची बाटली मे-जूनमधली, कारण तेव्हा एकटीदुकटी फिरणारी मोठी माशी बहुधा नवं घरटं सुरू करणारी राणी असते.

डासांच्या इलेक्ट्रिक रॅकेटने पाच-दहा गांधीलमाश्या टिपता येतात, पण मेलेली पायाखाली चिरडू नका. चिरडल्यावर विषाबरोबर धोक्याचा गंध सुटतो आणि घरटं जवळ असेल तर बाकीच्या धावून येतात. साबणपाण्याच्या डब्यात टाका. विष कालवलेलं आमिष तर नकोच. ते कुठे पोहोचेल यावर तुमचा ताबा नसतो.

पावसाळ्यात दर आठवड्याला २०० ग्रॅम साखर तेवढ्याच पाण्यात विरघळवून द्या. ती संध्याकाळी पेटीच्या आत ठेवा आणि थेंबही सांडू देऊ नका, सांडलेला पाक गांधीलमाश्यांना आणि लुटारू मधमाश्यांना वाट दाखवतो. स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत मुंग्यांसाठी पाणी ठेवत असाल, तर वर तेलाचा थर हवा, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. महापालिकेची धुरळणी असेल त्या संध्याकाळी माश्या आत आल्यावर दाराला बारीक जाळी लावा आणि पहाटे काढा.

पोळ्याच्या चार चौकटींपेक्षा कमी भरणारी वसाहत एकटी टिकत नाही. दुसऱ्या वसाहतीत मिसळा, किंवा रात्री जाळी लावून किमान दोन किलोमीटर दूर, झाडी कमी असलेल्या ठिकाणी हलवा.

मोठं बंद घरटं स्वतः काढू नका. अग्निशमन दलाला किंवा कीटकनियंत्रणवाल्याला कळवा आणि फवारणीच्या वेळी पेटी झाका. गांधीलमाशीचा काटा अंगात राहत नाही, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा डसते. ओठ सुजणे, अंगभर गांधी, धाप, चक्कर यापैकी काहीही दिसलं की थेट रुग्णालय गाठा. पंचवीस-तीस डंख झाले असतील तर बरं वाटत असलं तरी दाखवा, कारण मूत्रपिंडावर परिणाम नंतर दिसतो, लघवी काळसर झाली तर लगेच.

नोव्हेंबरअखेर शिकारी विरळ झाले की आधी पिंजरा काढा आणि आठवड्याभराने पट्टी. त्या आठवड्यात रोज सकाळी दहा मिनिटं दारात उभं राहून पराग घेऊन येणाऱ्या माश्या पाहा. त्यांची ये-जा सुरळीत नसेल, तर पट्टी आणखी आठवडाभर राहू द्या.