ऐरणीचा ठणठणाट

जुन्या बाजारातून आणलेली ४० किलोची ऐरण बाभळीच्या ओंडक्यावर होती. उन्हाळ्यात ओंडका तडकला. मग १० मिमी प्लेट आणि ५० मिमी चौकोनी पाइपचं स्टँड केलं. पाय तीनच, कारण आमच्या कोथरूडच्या पार्किंगची फरशी उंचसखल. उंची अशी, की उभं राहून मूठ वळली की ऐरणीचा माथा बोटांच्या पेरांशी यावा. पहिला पाय घाईत एका दमात वेल्ड केला, तर तो आत ओढला गेला. कापला, आधी नुसते टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारले, मापं तपासली, मग पूर्ण वेल्डिंग. तरी हातोडा पडला की देवळातली घंटा! वरच्या काकू दोनदा डोकावल्या. पायांत कढईत भाजलेली कोरडी वाळू भरली, तोंडाला बोल्ट लावला (ओली वाळू कोंडून तोंड वेल्ड केलं तर वाफेने पाइप फुटायचा), ऐरणीखाली रबर. आता नुसतं ‘ठक्’.