गाडीत सब-वूफर आणि ॲम्प लावताय? बजेट कमी असेल तर या चुका आधी टाळा

बजेट कमी असलं की सगळे खोक्यावरचे वॅट बघतात. १२०० वॅटचा वूफर, २००० वॅटचा ॲम्प (ॲम्प्लिफायर), दोन्ही स्वस्तात मिळाले की खूश. पण ते आकडे पीक पॉवरचे, म्हणजे क्षणभरच मिळणाऱ्या पॉवरचे असतात, जोडी जुळवायला त्यांचा काडीचा उपयोग नाही. बघायचं ते आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी पॉवर, आणि ते किती ओहमला (वूफरच्या विद्युत अडथळ्याला) दिलंय ते.

आता छापलेलं आरएमएस तरी खरं कशावरून, तर ॲम्पचा फ्यूज बघा. २५ ॲम्पिअरचा एकच फ्यूज असेल तर इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट धरले तरी आत जाणार ३४५ वॅट, त्यातले क्लास डी (वीज कमी वाया घालवणारा) ॲम्प फार तर ७५-८० टक्के बाहेर देणार, म्हणजे २६०-२७५. मग वर ५०० आरएमएस लिहिलेले कुठून येणार? दुकानात उभ्या उभ्या मोबाईलवर होतो हा हिशोब, नक्की करा.

सगळ्यात जास्त घोळ होतो ओहममध्ये. ड्युअल ४ ओहमचा, म्हणजे ४-४ ओहमच्या दोन कॉइलचा वूफर पॅरलल जोडला तर २ ओहम, सिरीज जोडला तर ८. तुमचा ॲम्प २ ओहमला ३०० वॅट देत असेल तर ८ ला जेमतेम ७५ देईल आणि मग लोक म्हणतात वूफरमध्ये दम नाही. उलट ड्युअल २ ओहमचा पॅरलल केला की १ ओहम, तो किमान २ ओहमच झेपणाऱ्या ॲम्पला लावला की ॲम्प गरम होऊन प्रोटेक्शनला जाणार, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडणार. चार चॅनलचा ॲम्प ब्रिज करत (दोन चॅनल मिळून एक करत) असाल तर बहुतेक वेळा किमान ४ ओहम लागतात, मॅन्युअलमध्ये बघून घ्या. आणि दोनपैकी एका कॉइलचे प्लस-मायनस उलटे लागले तर कोन हलतच नाही म्हटलं तरी चालेल, बेस गायब, आणि नाव येतं बिचाऱ्या ॲम्पवर.

ॲम्पवरचा गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही हो, स्टिरिओचा सिग्नल ॲम्पने किती वाढवायचा ते ठरवणारी नॉब आहे ती! गेन फुल्ल मारला की ॲम्प क्लिप होतो (आवाजाची लहर वरून-खालून कापली जाते) आणि रेटिंगच्या जवळपास दुप्पट पॉवर कॉइलमध्ये जाऊ शकते, जळका वास येतो तो त्याचाच. साधा मल्टिमीटर पुरतो, वूफरच्या वायरी काढा, बेस बूस्ट शून्य, स्टिरिओ पाऊण व्हॉल्यूमला, ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा आणि आउटपुटला एसी व्होल्ट मोजा. किती व्होल्ट यायला हवेत? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ३०० वॅट २ ओहमला म्हणजे साधारण २४.५ व्होल्ट, तिथे गेन थांबवायचा.

पैसे वाचवायचे तर वूफर १२ ऐवजी १० इंची घ्या, पण वायरिंगमध्ये कंजूषी नको. स्वस्त किटमध्ये वर जाड प्लास्टिक आणि आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच हवा, वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू शकते. अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्यावर करा.

प्रोटेक्शनचा लाल दिवा लागलाच तर लगेच नवीन ॲम्प घेऊ नका, आधी ॲम्प बंद करून वूफरच्या वायरी काढा आणि परत चालू करा. दिवा गेला तर गडबड वूफरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये, नाही गेला तर आरसीए (स्टिरिओकडून ॲम्पला येणाऱ्या सिग्नलच्या वायरी) पण काढून बघा, मग अर्थिंग आणि ॲम्पच्या टर्मिनलवरचे व्होल्ट, आणि तेही नीट असतील तरच ॲम्प दुरुस्तीला न्या.