रातांब्यांची आमसुलं: पावसाआधीच्या आठ उन्हांचं काम

आमसुलं म्हणजे रातांब्यांच्या, कोकमाच्या फळांच्या, वाळवलेल्या साली. त्यांना सात-आठ कडक उन्हं लागतात आणि कोकणात पाऊस साधारण ७ जूनच्या सुमारास येतो. मधे वळवाच्या एक-दोन सरी धराव्याच लागतात. म्हणून मेचा तिसरा आठवडा उलटायच्या आत काम सुरू करा. उशिरा आलेल्या फळांचं आगळ, म्हणजे मिठातला रस, करा, त्याला ऊन लागत नाही.

फळं पूर्ण पिकलेली, गडद लाल ते जांभळी हवीत. मालवणी मुलखात आणि गोव्यात यांनाच भिरंडं म्हणतात. हिरवट छटा राहिलेली फळं दोन दिवस टोपलीत पसरून ठेवली की रंग धरतात. झाडाखाली पडलेली चालतील, पण फुटलेली नकोत. त्यांना आतून बुरशी लागलेली असते आणि अशी दोन-चार फळं सगळ्या रसाला वास लावतात.

१० किलो रातांबे धुऊन कापडाने पूर्ण कोरडे करा. स्टीलच्या सुरीने मधोमध दोन भाग करा, लोखंडी पात्याने साल काळवंडते. आतला गर बियांसकट एका भांड्यात काढा, साली दुसऱ्यात ठेवा. हे बसून करायचं काम आहे. घरातली दोन-तीन माणसं बसली तर सकाळभरात उरकतं, आणि मुलांना बिया काढायला आवडतं. फक्त बोटाला कापलेलं असेल त्याला लांब ठेवा, रस फार झोंबतो. अंगावर जुने कपडे हवेत, डाग निघत नाहीत.

साली साधारण ५ किलो भरतील. त्यांच्या वजनाच्या दहावा भाग, म्हणजे ५०० ग्रॅम खडेमीठ बियांच्या गरात घालून हाताने चांगलं कालवा आणि तीन-चार तास ठेवा. मिठाने गर सुटतो, रस पातळ होतो. मग बांबूच्या टोपलीतून किंवा मोठ्या भोकांच्या चाळणीतून बिया चोळत रस गाळा. भांडं काचेचं, चिनी मातीचं, स्टीलचं किंवा खाण्याच्या वस्तूंसाठीच्या प्लास्टिकचं घ्या. तांब्या-पितळेच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना हे आंबट सोसत नाही, रसात धातू उतरतो.

आता पुटं. आमसुलाची सगळी चव इथे ठरते, म्हणून इथे घाई नको. साली रात्रभर या रसात भिजत ठेवा. सगळ्या बुडत नाहीत, म्हणून झोपण्यापूर्वी एकदा वरखाली करा. सकाळी निथळून स्वच्छ कापडावर किंवा सुपात एकेरी थर करून, कापलेली बाजू वर ठेवून उन्हात घाला. खाली निथळलेला रस परत भांड्यात ओता. संध्याकाळी अर्धवट सुकलेल्या साली पुन्हा त्याच रसात घाला, सकाळी पुन्हा उन्हात. रस संपेपर्यंत, म्हणजे साधारण चार-पाच वेळा हे करायचं. प्रत्येक पुटाने रंग गडद होतो आणि आंबटपणा सालीत मुरतो. शेवटच्या पुटानंतर दोन-तीन दिवस नुसतं ऊन द्या. एकदाच भिजवून वाळवलेलं आमसूल दिसायला सारखंच असतं, पण आमटीत घातलं की फिकं लागतं.

झालं की नाही, हे हाताने कळतं. चिमटीत दाबल्यावर ओल लागू नये, आमसूल चामड्यासारखं वाकावं, मोडू नये. कडकडीत वाळवलं तर पुढे ते नीट भिजत नाही. १० किलो फळांतून साधारण किलो-सव्वा किलो आमसुलं मिळतात.

ढग आले तर साली रसातच राहू द्या, मीठ त्यांना एक-दोन दिवस सांभाळून घेतं. सगळ्यात धोक्याच्या त्या अर्ध्या वाळलेल्या, ढिगाने ठेवलेल्या साली. त्या पंख्याखाली एकेरी पसरा. ओव्हन असेल तर ५० ते ५५ अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून वाळवा. तापमान वाढवू नका, साली शिजतात आणि रंग तपकिरी होतो.

कोरड्या बरणीत दाबून भरा. पावसाळ्यात मीठ हवेतली ओल ओढतं, त्यामुळे आमसुलं चिकट होतात. तो दोष नाही. वर पांढरं दिसलं तर एक आमसूल पाण्यात टाका: विरघळलं तर मीठ, तरंगणारा कापसासारखा थर आणि कुबट वास असेल तर बुरशी. मग ती बरणीच टाकून द्या, वरचा थर काढून भागत नाही. आमटीत आमसूल घातल्यावर थोडं उकळू द्या, चव घ्या आणि मगच मीठ घाला.

राहिल्या बिया. रोपांसाठी हव्या असतील तर लगेच धुवा, सावलीत जेमतेम सुकवा आणि आठवडाभरात पिशवीत लावा. उन्हात वाळवलेलं बी उगवत नाही. तेल काढायचं असेल तर मात्र कडक वाळवा, त्यातून टाचांच्या भेगांना लावायचं मुठेल निघतं. बियांची रोपं लावताना एक गोष्ट पक्की धरा: त्यातली जवळपास निम्मी नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. परसात एकच झाड लावायला जागा असेल तर रोपाचा नाद सोडून मादी झाडाचं कलम आणा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात चांगली आहे. आसपास नर झाड आहे का तेवढं बघून घ्या, नाहीतर फुलं येतात आणि फळ धरत नाही. खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल हवा, आणि तो आत्ता, माती कोरडी असतानाच खणून ठेवायचा. पावसाची दोन-तीन पाणी झाली की कलम लावा.