मजेची गाडी की भरवशाची? स्पोर्ट्स कार घेताना या चुका टाळा

महिन्यातून दोन-तीन फोन तरी येतात. नांदेडहून, जालन्याहून, कधी उदगीरहून. आवाज तरुण असतो, पैसे जमलेले असतात आणि प्रश्न ठरलेला असतो: "काका, मजेची गाडी घेऊ का भरवशाची?" गेली अठरा वर्षं मी संभाजीनगरात लोकांसाठी जुन्या महागड्या गाड्या तपासून देतो. या प्रश्नाला मी सरळ उत्तर देत नाही, कारण पहिली चूक तिथंच झालेली असते.

मजा आणि भरवसा वेगवेगळ्या पारड्यांत टाकून तोलता येत नाहीत. म्हैसमाळच्या वळणांवर गाडी चालवताना नजर पुढच्या रस्त्यावर हवी. ती दर मिनिटाला टेंपरेचरच्या काट्याकडे जात असेल, तर चारशे घोड्यांची ताकद घेऊन करायचं काय? उलटंही तितकंच खरं. केवळ "ही बिघडत नाही" असं ऐकून, मन न मानता घेतलेली गाडी दोन महिन्यांत शेडमध्ये जाते. तिच्यावर कव्हर पडतं. मग बॅटरी बसते, टायर एका बाजूने चपटे होतात, रबरी सील सुकतात, उंदीर वायरी कुरतडतात. माझ्याकडे आलेल्या स्पोर्ट्स कार आठवून पाहिल्या, तर पळवून बिघडलेल्या थोड्या आणि उभ्या राहून बिघडलेल्या जास्त. म्हणून जी चालवायला तुम्ही रविवारी पहाटे पाचला आपणहून उठाल, तीच घ्या. फक्त घेण्याआधी तिची कुंडली नीट काढा.

बॅज बघून भरवसा ठरवणं

ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या. सौदा ६५ कोटींचा होता. मला त्याचा अभिमान वाटला होता, आजही वाटतो. पण तेव्हापासून एक सवय लागली: मामांनी घेतली, त्यांची चांगली चालली, म्हणजे तो बॅज भरवशाचा. सेडानपुरतं हे चालून जाईल. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत इंजिन कोणतं आणि मॉडेल कोणत्या वर्षाचं, हे विचारल्याशिवाय बॅजला काही अर्थ नाही.

पोर्शे ९११ घ्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ९९६ पिढीच्या साध्या ९११ मध्ये आणि त्याच काळातल्या बॉक्सटरमध्ये इंजिनाच्या आत फिरणाऱ्या मधल्या दांड्याचं, म्हणजे इंटरमिजिएट शाफ्टचं, बेअरिंग ही जगजाहीर दुखरी जागा आहे. ते बेअरिंग गेलं की बहुतेक वेळा इंजिनच जातं. त्याच पिढीच्या टर्बो आणि जीटी३ मध्ये इंजिन वेगळं होतं, तिथं हा त्रास नाही. पुढे २००९ च्या मॉडेलपासून आलेल्या नव्या इंजिनात कंपनीने तो शाफ्टच काढून टाकला. म्हणजे गाडीचं नाव तेच, दिसायलाही तशीच, आणि एक डोळे झाकून घ्यावी अशी तर दुसरी बेअरिंगचा कागद पाहिल्याशिवाय हात लावू नये अशी.

बीएमडब्ल्यूचं तसंच. जुन्या व्ही-८ एम३ चं इंजिन आठ हजार आरपीएमच्या वर फिरतं. तो आवाज एकदा ऐकला की माणूस विसरत नाही, मीही विसरलो नाही. पण त्याची कनेक्टिंग रॉडची, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यांची, बेअरिंगं झिजतात. ती बदललेली असतील तर बिल दाखवा म्हणायचं, नसतील तर तो खर्च किमतीतून वजा करायचा. याउलट २०१५ मध्ये आलेलं बी५८ हे तीन लिटरचं सहा सिलिंडरांचं इंजिन चांगलंच दणकट निघालं. झेड४ एम४०आय मध्ये तेच आहे, टोयोटाने आपल्या सुप्रा या स्पोर्ट्स कारसाठीही तेच घेतलं. मजा आणि भरवसा दोन्ही हवं असेल त्याला मी आधी हेच इंजिन सुचवतो. क्लच दाबून गिअर टाकायची हौस असेल तर एम२ बघा. ती आपल्याकडे मॅन्युअल गिअरबॉक्ससह मिळते आणि तिचं एस५८ इंजिन याच घराण्यातलं आहे.

याच्या जोडीला एक प्रश्न विचारा: त्या कंपनीचं वर्कशॉप तुमच्या घरापासून किती किलोमीटरवर आहे? संभाजीनगरातून पुणं सव्वादोनशेच्या वर, परभणी किंवा लातूरहून त्याहून लांब. एक सेन्सर बदलायला गाडी फ्लॅटबेडवर घालून पाठवायची आणि तीन आठवडे वाट बघायची, हे सोसणार असेल तरच दूरचा ब्रँड घ्या.

कूलंटच्या टाकीत बोअरचं पाणी

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता बोलताना आवाज चढतो.

लातूरच्या मोंढ्यातला एक अडत्या. सचोटीचा माणूस, गाड्यांचं मनापासून वेड. त्याने फेब्रुवारीत आठ वर्षं जुनी, दोन दारांची गाडी पुण्याहून आणली. कंपनीचं नाव सांगत नाही, दोष तिचा नव्हता. एप्रिलमध्ये डॅशबोर्डवर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, कमी झाल्याची सूचना आली. ड्रायव्हरने दुकानामागच्या बोअरचं पाणी ओतलं, सूचना गेली. आठ-दहा दिवसांनी पुन्हा आली, पुन्हा पाणी ओतलं. असं जूनपर्यंत चाललं. पाणी जातंय कुठं, हे कुणीच विचारलं नाही. कूलंटची सिस्टीम बंद असते आणि दाबाखाली असते. त्यातलं कूलंट कमी झालं म्हणजे ते बाहेर गळतंय किंवा इंजिनात जळतंय. तिसरी वाट त्याला नसते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो इकडे यायला निघाला. केज सोडलं आणि मांजरसुंब्याच्या अलीकडून फोन आला. "काका, गाडी लई गरम व्हायली. लाल दिवा लागलाय. पुढं ढाबा हाय, तिथवर नेऊ का?" मी फोनवर ओरडलो, "आहे तिथं बंद कर, एक फूटसुद्धा पुढं नेऊ नको." उन्हात पोरंबाळं गाडीत होती, म्हणून त्याने ती तीन-चार किलोमीटर रेटली. सावलीला थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही.

गाडी इथं आणून उघडली. थर्मोस्टॅटच्या आत माठाच्या बुडाशी बसतो तसा पांढरा थर. पंपाच्या पात्यांवर तोच, रेडिएटरच्या नळ्यांत तोच. लातूरचं बोअरचं पाणी चहाच्या भांड्यावर काय थर धरतं, हे तिथल्या घराघरांत माहीत आहे. इंजिनात तो थर उष्णता धातूतून बाहेर पडू देत नाही. शिवाय कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरचं निम्मं-निम्मं मिश्रण नुसत्या पाण्यापेक्षा उशिरा उकळतं आणि ॲल्युमिनियमला गंजण्यापासून वाचवतं. दर वेळी पाणी ओतून त्याने ते दोन्ही गुण धुऊन टाकले होते. इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, वाकलं, त्याखालचं गॅस्केट गेलं. हेड सपाट करायला फेसिंगला पाठवलं, पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटर नवे घातले. भाग यायला सात आठवडे लागले आणि बिल पावणेसहा लाख झालं.

मूळ कारण? इंजिनामागच्या एका प्लास्टिकच्या पाइपला केसाएवढी चीर. उष्णतेने असे पाइप आठ-दहा वर्षांत कडक होऊन तडकतात. एप्रिलमध्ये दाखवला असता तर मजुरी धरून बावीस हजारांत काम झालं असतं. पण मोंढ्यात आजही सगळे सांगतात, "ती गाडीच नाजूक." गाड्यांची बदनामी अशी होते, आणि अशा ऐकीव बदनामीवर पुढचा गिऱ्हाईक आपली निवड ठरवतो.

माझी सवय सांगतो. पुस्तकात कुठं लिहिलेली नाही. कूलंटच्या टाकीवर मार्करने पातळीची रेघ मारतो आणि बाजूला तारीख लिहितो. दर महिन्याच्या एक तारखेला, पहाटे, इंजिन थंडगार असताना बघतो. रेघेखाली गेलं की कारण सापडेपर्यंत गाडी लांब नेत नाही. डिकीत कंपनीने सांगितलेल्या प्रकारचं तयार कूलंट दोन लिटर ठेवतो.

आणि कापूस विसरू नका. दिवाळीनंतर जालना, सेलू, मानवतच्या जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांमधून रस्ताभर पुंजके उडतात. कमी उंचीची स्पोर्ट्स कार ते सगळे पुढच्या जाळीतून आत ओढते. बऱ्याच पोर्शेंचे रेडिएटर बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात आणि तिथं एसीचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामध्ये हा कापूस धुळीसकट गच्च बसतो. मी संक्रांत झाली की बंपर सोडवून ते साफ करून घेतो. मराठवाड्यातल्या मेच्या उन्हात त्या एका दिवसाच्या कामाची किंमत कळते.

सरळ रस्त्यावर दहा मिनिटांची टेस्ट ड्राइव्ह

तरुण मुलं समृद्धीवर गाडी घालतात, ॲक्सिलरेटर दाबतात, पाठ सीटला चिकटते आणि तिथंच बयाणा देऊन मोकळी होतात. समृद्धी ७०१ किलोमीटरचा सुंदर रस्ता आहे, पण तिथं वेगाची मर्यादा १२० आहे आणि वळणं नावालाच. आजची कुठलीही महागडी गाडी तिथं छानच वाटणार. शून्य ते शंभर साडेतीन सेकंदांत की साडेचार, हा फरक वर्षातून किती वेळा उपयोगी पडेल?

मजा कळते ती साठ-सत्तरच्या वेगात. मी दौलताबादवरून खुलताबादला आणि पुढे म्हैसमाळला नेतो. स्टिअरिंग हातात काही सांगतं का? ब्रेक पहिल्या इंचात पकडतो की शेवटच्या? खराब पॅचवर गाडी एकदा बसून गप्प होते की उसळतच राहते? तासाभराने कंबर काय म्हणते? सोबत घरातलं माणूस न्या. बायको किंवा आई "मी यात पुन्हा बसणार नाही" म्हणाली, तर ती गाडी उभी राहणार हे धरून चाला.

त्याच फेरीत तुमच्या गल्लीतून गाडी न्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितलाय, म्हणजे लांबट आणि सौम्य. आपल्याकडे गावागावांत अरुंद, टोकदार उंचवटे असतात. मी गाडीत फूटपट्टी आणि विटेचे दोन तुकडे ठेवतो आणि घराजवळचा सगळ्यात वाईट गतिरोधक आधी मोजतो. पुढून वर उचलण्याची लिफ्टची सोय असलेली गाडी मिळत असेल तर इतर चैनीच्या गोष्टी सोडा आणि ती घ्या.

घेतल्या घेतल्या रीमॅप

याबद्दल माझं मत कडक आहे. गाडी येऊन महिना झाला नाही आणि लॅपटॉप जोडून इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलायची, म्हणजे रीमॅप करायचं, आणि साठ-सत्तर घोडे वाढवायचे. इंजिनातली ती जास्तीची ताकद कंपनीने उन्हासाठी, धुळीसाठी, हलक्या पेट्रोलसाठी राखून ठेवलेली असते. आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो, म्हणजे ती राखीव जागा आपल्यालाच सगळ्यात जास्त लागते. वॉरंटीही जाते. एक वर्ष आहे तशी चालवा. ज्याला आहे त्या ताकदीने समाधान होत नाही, त्याला बहुतेक वेळा अजून गाडी नीट चालवताच येत नसते.

बाकीच्या, थोडक्यात

"फक्त नऊ हजार किलोमीटर चाललीय" याला भुलू नका. दहा वर्षांत नऊ हजार म्हणजे उभी गाडी. साठ हजार चाललेली, दर वर्षीची बिलं असलेली गाडी मी आधी घेईन.

टायरच्या बाजूवर चार अंक असतात: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, जुने टायर घेऊन काँक्रीटच्या समृद्धीवर उन्हाळ्यात जाऊ नका. हवा सकाळी थंड टायरमध्येच भरा.

पेट्रोलच्या झाकणामागे किमान ऑक्टेन लिहिलेलं असतं. ते वाचा आणि तसंच पेट्रोल भरा. जुनी गाडी असेल तर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला तिचे पाइप आणि सील चालतात का, ते आधी विचारा.

ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला, गाडी चालो अथवा न चालो.

दुसऱ्या राज्याचा नंबर असेल तर एनओसी आणि इथल्या आरटीओचा कर यांचा हिशेब बयाण्याआधी करा.

सगळे पैसे गाडीत घालू नका. जुनी झाली की गाडीची किंमत उतरते, भागांची उतरत नाही. मी किमतीचा पाचवा हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवायला लावतो. तेवढे उरत नसतील तर एक पायरी खालची गाडी बघायची.

गरम इंजिनाची गाडी बघणं

विक्रेत्याला आदल्या रात्री फोन करून सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड इंजिन सुरू होतानाच चेनची खडखड ऐकू येते, धूर दिसतो, व्हॉल्व्हचा आवाज कळतो. पाच मिनिटांनी सगळं गप्प होतं. स्कॅनर लावून नुसते बिघाडाचे कोड बघू नका, गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्यात का तेही बघा. त्या अपुऱ्या दिसल्या तर तुम्ही येण्याआधी कुणीतरी कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय.

पोहोचल्यावर मी नमस्कार करायच्या आधी बॉनेटवर हात ठेवतो. गरम लागलं तर चहा घेऊन परत निघतो. असा एकदा नगरहून आलोय आणि एकदा सोलापूरहून.