नम्पायमधील सरासरी समुद्राला थंड करते तेव्हा

मुंबईच्या किनाऱ्याजवळील एका संवेदकाने सुमारे दोन वर्षे दर सेकंदाला नोंदवलेले पाण्याचे तापमान आणि पातळी मी नम्पाय या पायथन प्रोग्रामिंग भाषेतील गणिती लायब्ररीच्या दोन स्तंभांच्या ॲरेमध्ये (संख्यांच्या तक्त्यात) ठेवली होती. त्यातील संख्या फ्लोट३२, म्हणजे ३२ बिटांत साठवलेल्या दशांश संख्या, या प्रकारच्या होत्या. ॲक्सिस शून्य देऊन, म्हणजे स्तंभनिहाय, मीन (सरासरी) काढले असता तापमानाची सरासरी साडेआठ अंशांच्या आसपास आली. वास्तविक त्या स्तंभातील सर्व नोंदी २४ ते ३१ अंशांच्या दरम्यान होत्या. अरबी समुद्राला एवढी थंडी कधी वाजत नाही!

त्या स्तंभाची एकट्याची सरासरी घेतल्यावर मात्र उत्तर बरोबर आले आणि तिथेच उलगडा झाला. एकमितीय बेरजेत नम्पाय संख्यांचे गट पाडून टप्प्याटप्प्याने बेरीज करते, त्यामुळे त्रुटी फारशी साचत नाही. परंतु ओळींमागून ओळी मांडलेल्या ॲरेची स्तंभनिहाय बेरीज एकेक संख्या मिळवतच पुढे सरकते. फ्लोट३२ मध्ये अचूकतेचे २४ बिट असल्याने बेरीज ५३,६८,७०,९१२ वर पोहोचली की लगतच्या दोन संख्यांतील अंतर ६४ होते आणि ३२ पेक्षा लहान संख्या कितीही वेळा मिळवली तरी बेरीज जागची हलत नाही. ही अडकलेली बेरीज सर्व नोंदींच्या संख्येने भागली गेल्यामुळेच सरासरी एवढी कमी आली.

मीनला डीटाइप (गणनेसाठीचा संख्याप्रकार) म्हणून ६४ बिटांचा, अधिक अचूक फ्लोट६४ दिल्यावर सरासरी ताळ्यावर आली. यासाठी संपूर्ण ॲरेची दुप्पट आकाराची प्रत करावी लागत नाही, कारण रूपांतर छोट्या तुकड्यांत होते. पायथनच्या मॅथ मॉड्यूलमधील एफसम हे बेरजेचे संथ, पण विश्वासू फंक्शन मी पडताळणीसाठी वापरले.