पोर्टफोलिओ कसा सांभाळावा: आधी तारीख, मग फंड

“सध्या कुठला फंड चांगला आहे?” पुण्यात गुंतवणुकीचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो. विचारणारा हिंजवडीत नोकरी करणारा असो, नाहीतर सदाशिव पेठेतले निवृत्त प्राध्यापक. मला मात्र आधी विचारावंसं वाटतं, हे पैसे कधी लागणार आहेत? मुलीच्या प्रवेशासाठी पुढच्या जूनमध्ये लागणाऱ्या पाच लाखांना आणि पंचवीस वर्षांनी निवृत्तीत लागणाऱ्या पाच लाखांना एकच फंड चांगला कसा असेल? प्रत्येक रकमेपुढे तारीख लिहिली की पोर्टफोलिओबद्दलच्या, म्हणजे आपल्या सगळ्या गुंतवणुकींबद्दलच्या, निम्म्या शंका आपोआप मिटतात. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा.

आधी सगळं एका कागदावर आणा

एखाद्या रविवारी घरातल्या दोघांनी मिळून बसावं. म्युच्युअल फंड आणि डीमॅटमधले (इलेक्ट्रॉनिक खात्यातले) शेअर यांची जुळवाजुळव हाताने करायची गरज नाही. पॅनवर आधारलेला एकत्रित उतारा, ज्याला सगळे ‘कॅस’ म्हणतात, एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डीमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्थांकडून ईमेलवर येतो. नुसते फंड पाहायचे असतील तर कॅम्स किंवा केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावरूनही तो मागवता येतो. ईपीएफ, पीपीएफ, एफडी, पोस्टातली खाती, विमा पॉलिसी, सोनं आणि कर्जं यांचे आकडे स्वतः लिहावेत. आयटीतल्या मंडळींना परदेशी कंपनीचे शेअर मिळालेले असतात. ते विकले नसले तरी प्राप्तिकर विवरणपत्राच्या ‘शेड्यूल एफए’मध्ये दाखवावे लागतात आणि या कागदावरही यायलाच हवेत.

जुन्या घरांत आजोबांनी घेतलेली कागदी शेअर सर्टिफिकेटं अजूनही कपाटात सापडतात. १ एप्रिल २०१९ पासून असे शेअर विकून दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत, आधी ते डीमॅट करावे लागतात. लाभांश सलग सात वर्षं कोणी घेतला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ या निधीकडे वर्ग होतात. वारसांना अर्ज करून ते परत मिळवता येतात, पण वेळ लागतो. सर्टिफिकेट हाती लागलं की लगेच सुरुवात करावी.

राहतं घर या हिशेबात धरू नका, ते विकून फी भरायची नसते. वाकडला गुंतवणूक म्हणून घेतलेला दुसरा फ्लॅट मात्र कर्ज वजा करून जरूर धरा. हे केल्यावर अनेक घरांत लक्षात येतं की म्युच्युअल फंडांवर एवढी चर्चा चालते, पण खरी मोठी रक्कम विटांमध्ये अडकली आहे आणि गरजेला त्यातली एक खोली विकता येत नाही.

आता प्रत्येक रकमेपुढे तारीख

सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बचत खात्यात, एफडीत किंवा लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या फंडात) असावेत. त्याला हात लावायचा नाही. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसाही शेअर बाजारात नको, हे मी ठासून सांगतो. २० जानेवारी २०२० ला निफ्टी हा शेअर बाजाराचा निर्देशांक १२,४३० वर होता आणि २४ मार्चला ७,५११ पर्यंत उतरला. म्हणजे दोन महिन्यांत चाळीस टक्क्यांच्या आसपास घट. तो नोव्हेंबरमध्ये जुन्या पातळीवर परत आला, म्हणून बऱ्याच जणांना पडझड म्हणजे काही महिन्यांचा पाहुणा वाटते. पण २००८ मध्ये सेन्सेक्स निम्म्याहून अधिक घसरला होता आणि जानेवारीची पातळी पुन्हा गाठायला जवळपास तीन वर्षं गेली. ज्याला एप्रिल २००९ मध्ये फ्लॅटचा हप्ता भरायचा होता, त्याला बाजार पुढे वर आला याचा काय उपयोग?

“बाजार पडला, विकू का?” याचं उत्तरही तारखेतच आहे. रकमेपुढे पंधरा वर्षांनंतरची तारीख असेल तर काहीही करू नका. दीड वर्षानंतरची असेल तर ती रक्कम शेअरमध्ये असायलाच नको होती. ती हळूहळू काढून घ्या आणि बाजार वर येण्याची वाट पाहत बसू नका.

किती फंड ठेवावेत?

चार-पाच पुरतात. सेबी या बाजार नियामकाच्या नियमानुसार लार्ज कॅप (मोठ्या कंपन्यांच्या) फंडाला किमान ८० टक्के पैसा बाजारमूल्याने पहिल्या शंभर कंपन्यांत ठेवावा लागतो. चार वेगवेगळ्या लार्ज कॅप योजना घेतल्या तरी आत बहुतेक त्याच बँका आणि त्याच आयटी कंपन्या असतात. निर्देशांकातल्याच कंपन्या घेणारा एक इंडेक्स फंड, लहान-मोठ्या कोणत्याही कंपन्या घेणारा एखादा फ्लेक्सी कॅप, झेपत असेल तर मध्यम कंपन्यांचा एक मिड कॅप आणि जोडीला कर्जरोख्यांत पैसे ठेवणारे एक-दोन डेट फंड. बाकीच्यांतली एसआयपी, म्हणजे दरमहा जाणारी ठरावीक रक्कम, थांबवावी. लगेच विकू नये, आधी एक्झिट लोड (लवकर बाहेर पडल्यास फंड कापतो ते शुल्क) आणि कर पाहावा.

खर्चाकडे मात्र बारकाईने बघा. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचा ‘डायरेक्ट’ पर्याय मिळतो आणि त्यात वितरकाचं कमिशन नसतं. दहा लाख रुपये वीस वर्षं १२ टक्क्यांनी वाढले तर साधारण ९६ लाख होतात, ११ टक्क्यांनी वाढले तर सुमारे ८१ लाख. एका टक्क्याचे पंधरा लाख! तरीही ज्याला स्वतः बघायला वेळ नाही किंवा पडझडीत धीर सुटतो, त्याने चांगल्या माणसाला फी द्यायला हरकत नाही. तो सेबीकडे नोंदलेला गुंतवणूक सल्लागार आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर तपासून घ्या. टेलिग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर खात्रीशीर परतावा सांगणाऱ्याला उत्तरही देऊ नका.

वर्षातून एकदा प्रमाण सरळ करा

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं. समजा, शेअर आणि डेट यांचं ६०:४० प्रमाण ठरवून तुम्ही ४० लाख ठेवले: २४ लाख एका बाजूला, १६ दुसरीकडे. बाजार चढला आणि ते ३२ आणि १७ झाले. आता शेअरचा वाटा ६५ टक्क्यांवर गेला. तुम्ही काहीच केलं नाही, तरी जोखीम वाढली. प्रमाण पुन्हा आणायला सुमारे २ लाख ६० हजारांचे इक्विटी (शेअर) फंडाचे युनिट विकून डेटमध्ये टाकावे लागतील.

पण विकलं की कर आला. २३ जुलै २०२४ पासून शेअर आणि इक्विटी फंड वर्षभराच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के कर आहे. त्यानंतर विकल्यास आर्थिक वर्षातल्या पहिल्या सव्वा लाखाच्या नफ्यावर कर नाही, पुढच्या नफ्यावर १२.५ टक्के. म्हणून विकण्याआधी नवीन पैशांनी प्रमाण सुधारता येतं का ते पाहावं. वरच्या उदाहरणात नवा पैसा फक्त डेटमध्ये टाकला तर सुमारे ४ लाख ३३ हजार लागतात. महिन्याला ४० हजार गुंतवणाऱ्याचं काम, बाजार आहे तिथेच राहिला असं धरलं तर, अकरा महिन्यांत होतं आणि करही शून्य. मला हीच पद्धत पगारदारांसाठी योग्य वाटते. निवृत्तांकडे नवा पैसा येत नसतो. त्यांनी सव्वा लाखाच्या नफ्याच्या मर्यादेत दरवर्षी थोडं थोडं विकावं. ही मर्यादा पतीला वेगळी आणि पत्नीला वेगळी मिळते. मात्र पतीने दिलेल्या पैशातून पत्नीच्या नावे गुंतवणूक केली असेल, तर त्या गुंतवणुकीचं उत्पन्न पतीच्याच उत्पन्नात धरलं जातं.

डेट फंडांचं गणितही बदललं आहे. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या युनिटवरचा नफा, कितीही वर्षं ठेवले तरी, तुमच्या स्लॅबनुसार करपात्र आहे.

ही पाहणी पाडव्याला करा की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, दिवस एकदा ठरवा आणि मधल्या काळात ॲप उघडून रोजचे आकडे पाहू नका.

एफडी सुरक्षितच असते ना?

बँक आणि रक्कम पाहून सांगता येईल. डीआयसीजीसी या ठेवींचा विमा उतरवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या संस्थेचं संरक्षण प्रत्येक ठेवीदाराला, प्रत्येक बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत आहे. एकाच बँकेच्या कोथरूड आणि डेक्कन शाखांत पाच-पाच लाख ठेवले तरी संरक्षण पाचच लाखांना. पुण्याला याचा धडा मिळालेला आहे: रुपी बँकेवर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये निर्बंध आणले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. पतसंस्थेतल्या ठेवीला तर हे संरक्षण नाहीच. अर्धा-एक टक्का जास्त व्याज दिसलं की आधी समोर बँक आहे की पतसंस्था, ते विचारा. साठीपुढच्यांनी सरकारची ज्येष्ठ नागरिक बचत योजना आधी भरावी, तिची मर्यादा प्रत्येकी ३० लाख आहे.

शेवटचं काम: नामनिर्देशन आणि मृत्युपत्र

डीमॅट, फंड, बँक आणि ईपीएफ अशा प्रत्येक ठिकाणी नॉमिनी कोण आहे, ते त्याच कागदावर लिहा. लग्नाआधी उघडलेल्या खात्यात आई-वडिलांचंच नाव राहून गेलेलं असतं. नॉमिनीच्या ताब्यात पैसे येतात, पण त्यामुळे तो मालक ठरत नाही. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. वाटणी मृत्युपत्राप्रमाणे आणि ते नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे होते. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही आणि नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान निवडा, आणि ज्याला वाटा मिळणार आहे त्याची सही घेऊ नका.