मुलांना निसर्गात न्यायचंय? मग सहल काढू नका

गरीब घरातल्या मुलांसाठी वर्षातून एकदा बस करायची, त्यात पन्नास मुलं कोंबायची, टोप्या वाटायच्या, बॅनरसमोर फोटो काढायचा आणि संध्याकाळी सगळ्यांना घरी सोडायचं. मी पण सुरुवातीला हेच केलंय, त्यामुळे नावं ठेवतोय ती आधी स्वतःला. मुलं त्या दिवशी जाम खूश असतात, पण पुढच्या आठवड्यात त्यातलं काही उरत नाही. ज्यांचं घर सारखं बदलतं, शाळा सुटते, मोठी माणसं येतात नि गायब होतात, त्यांना अजून एक "एकदाच" देऊन काय उपयोग. त्यांना तीच जागा, तोच वार आणि तीच माणसं पाहिजेत.

तर आधी जागा शोधा. जंगल लागत नाही. मुलांच्या घरापासून पंधरा मिनिटांत चालत पोचता येईल असं काहीतरी बघा, कारण गाडी लागली की सगळा उपक्रम गाडीवाल्याच्या मर्जीवर चालतो. थोडी माती, एकदोन मोठी झाडं आणि जरा रान माजलेला कोपरा एवढं बास. कातरलेलं लॉन आणि वर "गवतावर चालू नये" अशी पाटी असेल तर सरळ सोडून द्या. ज्या वेळेला मुलांना नेणार त्याच वेळेला आधी स्वतः दोनतीनदा जाऊन या, सावली कुठे येते, काचा पडल्यात का, कुत्री, मधमाश्यांचं पोळं, प्यायचं पाणी, सगळं बघा. आणि टॉयलेट! ते नसेल तर मोठ्या मुली दुसऱ्यांदा येत नाहीत आणि का येत नाहीत ते सांगतही नाहीत.

किती वेळ न्यायचं हे सगळेच विचारतात. अमेरिकेत 2009 मध्ये एडीएचडी (लक्ष टिकत नाही, सारखी चुळबुळ होते अशी अवस्था) असलेल्या मुलांवर एक अभ्यास झाला, त्यात 20 मिनिटं पार्कमध्ये चालून आल्यावर मुलांचं लक्ष जास्त चांगलं लागलं, शहरातल्या रस्त्यांवर तेवढंच चालून तसा फरक पडला नाही. त्याआधी 2000 मध्ये कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या मुलांचा अभ्यास झाला होता, नव्या घरात गेल्यावर ज्यांच्या आसपासची हिरवाई जास्त वाढली त्यांची एकाग्रता जास्त सुधारली होती. दोन्ही अभ्यास 17-17 मुलांचे, म्हणजे छोटेच, त्यामुळे त्यावर लगेच इमले बांधू नका. मोठा म्हणाल तर डेन्मार्कचा, 2019 चा, 9 लाखांहून जास्त लोकांचा, त्यात लहानपणी सगळ्यात कमी हिरवाईत वाढलेल्यांना पुढे मानसिक आजार व्हायचा धोका 55 टक्क्यांपर्यंत जास्त दिसला. म्हणून झाडाखाली बसवलं की मूल बरं होतं असं कुणी म्हणू नये, पण दर आठवड्याला दीडदोन तास काढायला एवढं कारण पुरेसं आहे.

सुरुवातीला आठदहा मुलं घ्या, सोबत किमान दोन मोठी माणसं, एक कधीच एकटं नको. पालकांना घरी जाऊन भेटा, कुठे जाणार, कोण असणार, कधी परत येणार हे तोंडी सांगा आणि मगच संमतीपत्रावर सही घ्या. दम्याचा त्रास, ॲलर्जी, औषधं हेही तेव्हाच विचारून घ्या. बऱ्याच मुलींना धाकट्या भावंडाला सांभाळायचं असतं, "त्याला घरी ठेवून ये" म्हणालात तर ती पण येणार नाही, तेव्हा त्याला पण येऊ दे.

पोचल्यावर पहिल्यांदा खाऊ. शेवटी नाही, पहिल्यांदा. उपाशी मुलाला फुलपाखरू दाखवून काय होणार, आणि "आज ही मुलं ऐकतच नाहीत" वाटतं ना, त्यातलं निम्मं भुकेमुळे असतं. कपडे खराब झाले म्हणून घरी मार बसेल ही भीती पण खरी असते, तेव्हा मळखाऊ जुने शर्ट आणि दोनचार जादा चपला तुमच्याकडेच ठेवा.

मग काय करायचं? शक्यतो काही नाही. हे सगळ्यात अवघड आहे, खास करून शिक्षक असाल तर. झाडाचं नाव सांगायची घाई करू नका, एक दगड उचलून खाली बघा आणि गप्प बसा, दोन मिनिटांत चारजण येऊन बसतात, मुंग्या अंडी कुठे नेतायत यावरून भांडण सुरू होतं आणि तुमचं काम झालेलं असतं. दगड नंतर जागेवर ठेवायचा, एवढा नियम. एकदोन भिंगं, जाड दोरी, बादली, बाकी सामान नको. प्रत्येकाला आपली एक बसायची जागा निवडू द्या, दरवेळी तिथे पाच मिनिटं बसायचं, पहिल्या दोन वेळा खिदळण्यातच जातील, जाऊ दे.

झाडावर चढू द्यायचं का? द्या, स्वतःच्या उंचीइतकं, आणि खालून ढकलून वर चढवायचं नाही, जो स्वतः चढतो तो बहुतेक स्वतः उतरतो. साप दिसला तर मागे सरकायचं, हात लावायचा नाही. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली नाही, पक्क्या इमारतीत जायचं, आणि शेवटच्या आवाजानंतर 30 मिनिटं बाहेर यायचं नाही. साधा पाऊस असेल तर मात्र रद्द करू नका. निघताना साबणाने हात धुवायचे.

एखादं मूल कडेलाच उभं राहतं, मातीला हातच लावत नाही. ओढू नका, त्याला बादली धरायला द्या. एखादं एकदम घरातलं काहीतरी सांगून टाकतं, तेव्हा ऐकून घ्या, उलटतपासणी नको, "कुणाला सांगणार नाही" असं वचन तर अजिबात नको, कारण मूल धोक्यात असेल तर तुम्हाला सांगावंच लागेल. आणि ते फोटो टाकणं बंद करा प्लीज, गरीब म्हणून ओळखलं जायला कुणालाच आवडत नाही.

तुम्हाला कधी यायला जमणार नसेल तर आदल्या वेळीच सांगा, दुसरं कोण येणार तेही सांगा. उपक्रम सोडून जाणार असाल तर निदान चार आठवडे आधी, आणि नवीन माणसाला त्या चार आठवड्यांत सोबत आणा, कुणाची बसायची जागा कुठली आहे ते मुलांनाच त्याला दाखवू द्या.